डंपर येण्याआधी नकाशा बघा: कोल्हापूरच्या वेशीवरची शेती आणि मोकळ्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेकाठचं, शहराला लागून. उसाच्या रानात गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पडताहेत, नदीकडच्या बाजूला मुरमाचा भराव सुरू आहे, गायरानावर शेड उभे राहिलेत आणि जुन्या कॉलनीची ओपन स्पेस कुणीतरी कुंपण घालून अडवली आहे. कलेक्टर ऑफिसला सह्यांची निवेदनं दिली, काही झालं नाही. आता काय करायचं?

पहिली गोष्ट, निवेदन एकच आणि विषय चार, इथंच गाडं अडलं. प्लॉटिंग, भराव, गायरान आणि ओपन स्पेस या चार तक्रारींना कायदे वेगळे, अधिकारी वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. सगळं एका कागदावर आलं की तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर 'उचित कार्यवाहीसाठी' फिरतो आणि कुठलंच टेबल त्याला आपला मानत नाही. दुसरी गोष्ट याहून मोठी. शेतात डंपर दिसतो तेव्हा निर्णय बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेला असतो. तो होतो विकास आराखड्याच्या नकाशावर आणि फेरफाराच्या नोंदीत. राखणही तिथंच करावी लागते.

आधी तुमचं गाव कुणाच्या नियोजनाखाली येतं ते पक्कं करा. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ मध्ये महापालिका झाली, पण हद्द वाढली नाही. महापालिकेचं क्षेत्र आजही ६६.८२ चौरस किलोमीटर म्हणूनच मोजलं जातं. हद्दवाढीच्या वादानंतर २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. गाव त्यात असेल तर नियोजनाचा आणि बांधकाम परवानगीचा विषय प्राधिकरणाकडे जातो. नसेल तर प्रादेशिक योजना लागू होते आणि सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात विचारावं लागतं. हद्दवाढीला विरोध की पाठिंबा, यावर गावोगावी जेवढी ताकद खर्च झाली, तेवढी शिवाराच्या झोन नकाशावर झाली असती तर नदीकाठची बरीच मळीची जमीन आज वाचली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. हद्दीच्या आत असो वा बाहेर, रान नकाशावर पिवळं, म्हणजे रहिवास विभागात, झालं की त्यावर घरं येणारच.

त्यासाठी आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. अर्जात गाव, गट नंबर किंवा रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर आणि सात-बाराप्रमाणे क्षेत्र लिहा. सोबत चालू सात-बारा आणि गट नकाशा जोडा. एकट्या-दुकट्यानं आपापल्या गटापुरतं काढू नका. नदीकाठचा सगळा सलग पट्टा एकदम काढून एका मोठ्या कागदावर जोडा आणि ग्रामपंचायतीत लावा. बारा-पंधरा गटांचा पट्टा समोर दिसला की कुठला गट पिवळा झालाय, कुठून रस्ता आखलाय आणि तो रस्ता कुणाच्या प्लॉटिंगला जाऊन मिळतोय, हे कुणालाही कळतं.

'आमचं रान ग्रीन झोनमध्ये आहे, आम्हाला धोका नाही' हा समज सोडून द्या. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेती विभागात चालणाऱ्या वापरांची यादी बरीच लांब आहे. शाळा, दवाखाना, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, लॉन, फार्महाऊस हे सगळं अटींवर चालतं. एक लॉन आलं की पार्किंग येतं, मग डांबरी रस्ता, मग रस्त्याकडेला गाळे. म्हणून झोनचा रंग बघून थांबू नका. त्या गटासाठी कोणत्या वापराची परवानगी मागितली आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

आराखडा बनत असताना सगळ्यात दुर्लक्षित टप्पा म्हणजे विद्यमान भू-वापर नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रस्ताव आखण्याआधी आज जमिनीवर काय आहे त्याची पाहणी होते. ऊस तुटून गेलेलं रान उपग्रहाच्या चित्रात मोकळं दिसतं आणि नकाशात 'पडीक' म्हणून जातं. मग 'पडीक जमीन रहिवासात घेतली' असं कारण देणं सोपं होतं. ही चूक याच टप्प्यावर दुरुस्त करून घ्यायची. पुरावा तुमच्याकडे असतोच: ई-पीक पाहणीच्या नोंदी, कारखान्याची ऊस नोंद आणि बिलं, पाणीपुरवठा संस्थेच्या पावत्या. सात-बारावर पीक पाहणी कोरी ठेवणारा शेतकरी आपल्याच हातानं जमीन पडीक ठरवतो. दर हंगामाला ॲपवरून नोंद करा, हे गावातल्या प्रत्येक घरात सांगा.

प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी राजपत्रातल्या सूचनेपासून ३० दिवस मिळतात. कुणीही व्यक्ती हरकत घेऊ शकते, मालकच असावा लागत नाही. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स देऊ नका. नियोजन समितीपुढं त्या एका गठ्ठ्यात जातात आणि सुनावणीही एकदमच उरकते. गटवार हरकत द्या आणि मजकूर असा नेमका ठेवा:

'मौजे अमुक, ता. करवीर, गट नं. अमुक, क्षेत्र ०.६२ हे. आर. ही जमीन प्रारूप आराखड्यात रहिवास विभागात दाखवली आहे. ही बारमाही बागायत असून सन अमुक ते अमुक या पाच वर्षांच्या पीक नोंदी सोबत जोडल्या आहेत. २०१९ व २०२१ च्या पुरात या गटात पाणी होतं. पाण्याच्या खुणेची छायाचित्रं व शेजारच्या विजेच्या खांबावरील पातळी सोबत आहे. उपसा योजनेची मुख्य पाइपलाइन गटातून जाते, नकाशा जोडला आहे. सबब हा गट शेती विभागातच ठेवावा व पाइपलाइनची आखणी आराखड्यात दाखवावी. प्रत्यक्ष सुनावणी मिळावी.'

शेवटची ओळ विसरू नका, आणि तारखेची पोच घ्या. सुनावणीत वेळ फार कमी मिळतो, म्हणून भाषण न करता नकाशा पुढं ठेवा. समितीचा अहवाल झाल्यावरही विषय संपत नाही. शासन कलम ३१ खाली मंजुरी देताना काही भाग वगळून ठेवतं आणि त्यावर पुन्हा हरकती मागवतं. या वगळलेल्या भागांकडे गावाचं लक्ष राहत नाही, आणि झोनचे मोठे बदल नेमके तिथं होतात. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली किंवा प्रादेशिक योजनेत कलम २० खाली एखाद्या गटाचा झोन बदलायचा असेल तर वर्तमानपत्रात छोटी सूचना येते आणि महिनाभर हरकती घेतल्या जातात. गावानं दोन माणसं नेमावीत. रोजच्या स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना आणि राजपत्राची पुणे विभागीय पुरवणी वाचणं, एवढंच त्यांचं काम.

आता गुंठ्यांचं प्लॉटिंग. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते क्षेत्र, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. म्हणून एजंट दहा जणांना एकत्र करून दहा-अकरा गुंठे सामाईक खरेदी देतो. कुणाचा प्लॉट कुठला, हे फक्त नोटरी केलेल्या कच्च्या नकाशावर असतं. सात-बारावर सगळ्यांची नावं एकत्र येतात, हिस्सा अविभक्त राहतो. त्या नकाशातला वीस फुटी रस्ता कुठल्याही सरकारी दप्तरात नसतो. पुढं बांधकाम परवाना नाही, बँकेचं कर्ज नाही, सांडपाण्याची वाट नाही. घरांचं पाणी शेजारच्या उसाच्या सरीत उतरतं आणि तिथून भांडणाला तोंड फुटतं. २०२५ मध्ये शासनानं नागरी आणि प्राधिकरण क्षेत्रातले तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली. त्याचा अर्थ एजंट सोयीचा सांगतात. व्यवहार नियमित होणं आणि बांधकाम नियमित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूररेषेतलं किंवा शेती विभागातलं घर त्यानं अधिकृत होत नाही. घेणारी माणसं बहुतेक कष्टकरी कुटुंबं असतात, आयुष्याची पुंजी घालून बसतात. त्यांना खरेदीआधी हे सांगणारं कुणीतरी गावात असायला हवं. वेशीवर 'हा गट शेती विभागात आहे, पूररेषेत आहे, येथे बांधकाम परवानगी मिळत नाही' असा ग्रामपंचायतीचा फलक लावला, तर पन्नास तक्रारींपेक्षा जास्त काम होतं.

व्यवहार झालाच तर फेरफाराची नोटीस तलाठ्याकडे लागते आणि हितसंबंधितांना हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. सहहिस्सेदार, पाइपलाइनचा हक्क असलेली संस्था, पाणंदीचा वापर असलेला शेजारी या सगळ्यांनी तिथंच लेखी हरकत द्यावी. नोंद मंजूर झाल्यावर प्रांताकडे अपील करावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. गट देवस्थान इनाम किंवा वतनाचा आहे का, हेही बघा. कोल्हापूर भागात अशा जमिनी भरपूर आहेत. देवस्थानच्या इनामाचं हस्तांतर होत नाही आणि वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. सात-बाराच्या डोक्यावरचा भूधारणा प्रकार वाचला की निम्मे बेकायदा प्लॉट तिथंच ओळखू येतात.

अधिकृत लेआउटकडेही डोळेझाक नको. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एकाच मूळ गटाच्या वाटण्या होऊन एकरापेक्षा लहान लेआउट शेजारीशेजारी येऊ लागले, तर मागचे फेरफार काढा आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला मूळ गटाचं क्षेत्र लेखी कळवा. तीन एकरांत मिळून तेरा हजार चौरस फुटांची बाग व्हायला हवी होती, तिथं शून्य उरते. म्हणून ही तपासणी टाळू नका.

भरावाचा हिशेब सरळ आहे. एका एकरावर पाच फूट भराव म्हणजे २,१७,८०० घनफूट, अर्थात २,१७८ ब्रास. चार ब्रासच्या डंपरच्या साडेपाचशेच्या आसपास खेपा. तेवढा मुरूम म्हणजे सुमारे ६२ लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी नाहीसं होत नाही, शेजाऱ्याच्या रानात आणि पलीकडच्या गल्लीत चढतं. पंचगंगेचा उतार कमी आहे आणि नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पाणी मागं रेटलं जातं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदी फुगते तेव्हा जयंती आणि दुधाळी नाल्यांतून पाणी शहरात मागं सरतं. काठची शेतं हेच या पाण्याचं पसरायचं ठिकाण आहे. ती शेतं राखणं हा शेतकऱ्याइतकाच शाहूपुरी, नागाळा पार्कातल्या रहिवाशाच्या हिताचा विषय आहे, आणि शहरातल्या लोकांनी गावाच्या हरकतींवर सही करायला यायला हवं.

पूररेषा दोन असतात: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित. नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. ही जोत्याची अट भरावाला निमित्त म्हणून वापरली जाते. अट इमारतीच्या जोत्याला आहे, तिच्या आडून अख्खा प्लॉट भरणं वेगळं. पाटबंधारे विभागाकडून आपल्या गटांवर आखलेली पूररेषा आणि तिची मीटरमधली पातळी मागून घ्या, आणि २०१९ व २०२१ च्या गावातल्या खुणांशी ताडून बघा. फरक दिसला तर सर्वेक्षकाकडून खुणांची पातळी काढून तो लेखी नोंदवा.

भराव चालू असताना झोनची तक्रार करत बसलात तर उत्तर येईपर्यंत जमीन सपाट होते. त्याऐवजी गौण खनिजाचा रस्ता धरा. मुरूम आणि माती उचलायला परवाना व स्वामित्वधन लागतं, वाहतुकीला पास लागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बेकायदा उत्खनन-वाहतुकीवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त होऊ शकतं. तहसीलदाराला वाहन क्रमांक, वेळ आणि गट नंबर कळवा. फोटो तारीख आणि जागा दाखवणाऱ्या कॅमेरा ॲपनं काढा. एकाच खांबापासून, एकाच दिशेनं, रोज एक फोटो ठेवा. पंचनाम्याला गावचा माणूस हजर राहून भरावाची लांबी, रुंदी, उंची लिहून घेतली आहे ना ते बघा. 'मोठ्या प्रमाणात भराव' एवढंच लिहिलेला पंचनामा पुढं टिकत नाही. ओढा बुजवला असेल तर जुनी उपग्रह छायाचित्रं आणि गट नकाशावरची ओढ्याची रेषा सोबत द्या. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, वर जास्तीत जास्त साठ दिवस. म्हणून पहिल्या खेपेची तारीख लिहून ठेवा.

गायरानासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय हा आधार आहे. संहितेचं कलम २२-अ गायरानाचा वापर बदलायला आडकाठी घालतं. गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद असते. तिचा उतारा घ्या आणि प्रत्यक्ष पाहणीशी जुळवा. जे शेड नोंदीतच नाहीत त्यांची नावं ग्रामसभेच्या ठरावानं तहसीलदाराला पाठवा. मोजणी झाल्याशिवाय काढायची कारवाई मागू नका, नाहीतर हद्दीच्या वादात पहिल्याच दिवशी ती थांबते. मोजणी झाली की हद्दीच्या दगडांलगत तीन फूट रुंद आणि तितकाच खोल चर काढा, बांधावर घायपात, सागरगोटा, शिकेकाई लावा. आतल्या माळावर मात्र घाईनं हजार रोपं लावू नका. तो माळ म्हशींच्या, मेंढरांच्या चराईचा आहे. गवत टिकलं तर चारणारे टिकतात, आणि माणसांची रोजची ये-जा असलेल्या जागेवर शेड सहज उभा राहत नाही.

कॉलनीच्या ओपन स्पेसचं मूळ दुखणं कागदाचं असतं. मंजूर लेआउटची प्रत, अकृषिक आदेश आणि त्या जागेचा मिळकत पत्रिकेचा किंवा सात-बाराचा उतारा, ही तीन कागदं काढा. मूळ मालकाचं नाव अजून तसंच असेल तर वारस ती जागा विकायला मोकळे आहेत असं समजतात. इतर हक्कात 'मंजूर रेखांकनातील खुली जागा' अशी नोंद मागा, मोजणी करून कुंपण घाला. उद्यानासाठी राखलेली जागा दुसऱ्या वापराला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ च्या बंगळुरू मेडिकल ट्रस्ट खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या वकिलाला तो निकाल दाखवा.

आराखड्यातली बागेची, मैदानाची आरक्षणं वेगळ्या वाटेनं जातात. कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. नुसता सभेचा ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्ये ठरलं. दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात अशा सूचनांची यादी मागा: आरक्षण क्रमांक, सूचना मिळाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. मग नगरसेवकाकडे 'बाग वाचवा' म्हणून जाऊ नका. 'अमुक तारखेआधी अंदाजपत्रकात तरतूद करा, नाहीतर मालकाला टीडीआरचा, म्हणजे जागेच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्काचा, प्रस्ताव द्या' असं लेखी मागा.

हे सगळं करूनही शेती परवडली नाही तर मालक विकणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. वेशीवरची शेती बहुतेकदा पाणी आणि वाट यांवर मरते. शंभर एकरांच्या उपसा योजनेतले तीस एकर प्लॉटमध्ये गेले की विजेचा स्थिर आकार, पाणी सोडणाऱ्याचा पगार, कर्जाचा हप्ता हे सगळं सत्तर एकरांवर पडतं. एकरी बोजा ४३ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळं पुढचा वीस एकरवाला विकायला तयार होतो. संस्थेनं पोटनियमात, जमीन अकृषिक झाली तरी त्या सभासदाचा कर्जाचा वाटा आधी वसूल होईल, अशी तरतूद सभेत आणावी. पाइपलाइन परक्या गटातून जात असेल तर संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदाराकडून हक्क मिळवून तो इतर हक्कात नोंदवा. लेआउटवाला मग ती उखडू शकत नाही. पाणंद किंवा पाट अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावा. हा रस्ता दिवाणी कोर्टापेक्षा स्वस्त आणि बराच लवकरचा आहे. सहा महिने उलटले की मात्र तो बंद होतो, आणि बैलगाडी जात नाही म्हणून ऊस तुटायचा राहिलेलं रान दुसऱ्या वर्षी विक्रीला निघतं.

घरं कुठंतरी व्हायलाच हवीत. म्हणून हरकतीत 'नको' लिहिताना 'तिकडं करा' हेही लिहा. गावठाणालगतचा मुरमाड माळ, शहरातल्या रिकाम्या पडलेल्या जागा, आधीच रस्ते-पाणी असलेले अर्धवट लेआउट यांचे गट नंबर द्या. जुनी गावठाणं उंचावर वसली आणि मळी पिकाला राहिली, ती याच हिशेबानं. समितीपुढं असा पर्यायी नकाशा ठेवणारं गाव विकासाच्या आड येतंय असं कुणी म्हणू शकत नाही, आणि अधिकाऱ्यालाही शिफारस लिहायला आधार मिळतो.

उद्या सकाळी सुरुवात करायची असेल तर क्रम हा: भरावाची तक्रार तहसीलदाराला, कारण ती रोज महाग होतेय, पाणंद आणि पाटाच्या तारखा तपासा, मग झोन दाखले आणि पूररेषा, ओपन स्पेस व गायरानाची मोजणी त्यानंतर. कोर्टाची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईची खेप वाचते. तिथं जाताना अर्जांच्या पोच आणि तारखांची वही सोबत न्या. पहिला प्रश्न 'तुम्ही आधी कुणाकडे, कधी तक्रार केली' हाच असतो.